प्रतिस्पर्धी बुडतो तेव्हा

फुटबॉल लीगमधले क्लब एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात, पण ज्या मालावर ते जगतात तो एकट्याने तयार करता येत नाही. सामना हा तो माल, आणि त्याला दोन संघ लागतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये व्यावसायिक खेळांच्या अर्थकारणावर निबंध लिहिला, तेव्हा हीच विसंगती पुढे मांडली. मुष्टियोद्धा जो लुई याची कमाई मॅक्स श्मेलिंगसारखा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी असण्यावरच अवलंबून होती. श्मेलिंग नसता तर लुईकडे बघायला कोणी आले नसते. कापडाच्या दुकानाचे तसे नसते. शेजारचे दुकान बंद पडले की गिऱ्हाईक आपल्याकडे वळते.

मराठवाड्यात या दोन्हींच्या मधली स्थिती साखर कारखान्यांच्या बाबतीत पाहायला मिळाली. ढोकीचा तेरणा किंवा किल्लारीचा कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला, तेव्हा त्या पट्ट्यातला ऊस आसपासच्या कारखान्यांकडे गेला. त्यांच्या गाळपाला तो उपयोगी पडला. पण लांबच्या वाहतुकीचा भार, तोडणी टोळ्यांची ओढाताण आणि बँकांची थकबाकी सगळ्या भागाने सोसली. क्लब बुडाल्यावर लीगमध्ये साधारण असेच घडते: फायदा चटकन आणि एखाद्या-दुसऱ्यालाच होतो, तोटा सावकाश आणि सर्वांच्या वाट्याला येतो. लातूर-नांदेडकडे व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. त्यामुळे हा इतिहास पाहायचा तर मुंबई, पुणे आणि गोवा गाठावे लागते. तिथे २०१० ते २०१९ या दशकात क्लब इतक्या झपाट्याने बंद पडले, की एकाच्या पडझडीचा दुसऱ्यांवर होणारा परिणाम जवळजवळ वर्षागणिक तपासता येतो.

जगात या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्सचे. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी हा क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि त्याचे दहा गुण कापले गेले. कर खात्याची देणी फेडण्याची तडजोड फिसकटली आणि जुनी कंपनी अवसायनात निघाली. नव्या कंपनीला वरच्या लीगमध्ये ठेवायचे की नाही, हे ठरवणे प्रतिस्पर्धी क्लबांच्याच हाती आले. रेंजर्स गेले तर दूरचित्रवाणीचा पैसा आटेल, बाकीचेही बुडतील, अशी भाकिते केली जात होती. तरीही ४ जुलै २०१२ रोजी क्लबांनी विरोधात मत दिले, कारण त्यांचे स्वतःचे प्रेक्षक तिकिटे न घेण्याची धमकी देत होते. रेंजर्सला चौथ्या पातळीवरून सुरुवात करावी लागली आणि रिकाम्या जागी डंडी क्लब वर आला. सेल्टिकने २०१२ पासून सलग नऊ विजेतेपदे घेतली. सेंट जॉन्स्टनने २०१४ मध्ये आणि इन्व्हरनेसने २०१५ मध्ये स्कॉटिश चषक जिंकला. एरवी अशा क्लबांना ही संधी क्वचितच मिळते. खालच्या पातळीवरच्या छोट्या क्लबांना रेंजर्सच्या मागोमाग येणाऱ्या प्रेक्षकांचा पैसा मिळाला. दुसरीकडे, हार्ट्ससारख्या क्लबांचे खेळाडू-विक्रीचे पैसे रेंजर्सकडे अडकले होते. हार्ट्स स्वतःच २०१३ मध्ये प्रशासकाकडे गेला. त्याची कारणे मुख्यतः त्याची स्वतःची होती, पण येणे अडकल्याने भर पडली. २०१६ मध्ये रेंजर्स वर परतेपर्यंत विजेतेपदाची शर्यत जवळजवळ उरलीच नव्हती.

भारतात अशी दिवाळखोरी सहसा होत नाही, कारण क्लबाला दिवाळे काढण्याइतके स्वतंत्र आयुष्यच नसते. तिकिटांचे उत्पन्न नगण्य, प्रक्षेपणाचा वाटा नाममात्र. सगळा खर्च एखादा उद्योगसमूह करतो. त्याच्या ताळेबंदातला तो रकाना बंद झाला की क्लब संपतो. धनको दाराशी येत नाहीत, लिलाव होत नाही. एक पत्रक निघते आणि खेळाडूंचे करार पूर्ण करून संघ विसर्जित होतो.

मुंबईत ही रीत जुनी आहे. १८९१ पासूनचा रोव्हर्स चषक आणि हारवूड लीग यांच्या जोरावर कूपरेज मैदानाभोवती फुटबॉल वाढला तो कंपन्यांच्या संघांतून: कॅल्टेक्स, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, बँका. खेळाडू कंपनीचा नोकर असे. सकाळी सराव, दुपारी हजेरीपुस्तक. संघ मोडला तरी नोकरी बहुधा टिके, त्यामुळे त्या काळात एखादा संघ नाहीसा झाल्याची झळ खेळाडूंना फारशी बसत नसे. लीगलाही नाही, कारण एक कंपनी गेली की दुसरी येई. गिरण्यांचे संघ एकेक करून गेले, त्यांची जागा बँका आणि सरकारी उपक्रमांनी घेतली. ही साखळी तुटली ती राष्ट्रीय लीग आल्यावर.

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली आणि पहिले विजेतेपद पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने घेतले. २००७-०८ पासून तिचे नाव आय-लीग झाले. आता संघात पूर्णवेळ करारावरचे खेळाडू आणि परदेशी आघाडीवीर लागू लागले, प्रवासखर्चही आला. खर्च कोटींत गेला, पण उत्पन्न जुन्याच मानाने राहिले. १९६२ मध्ये सुरू झालेला महिंद्राचा संघ या नव्या चौकटीत सर्वांत नीट बसला होता. महिंद्रा युनायटेडने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २००७ मध्ये एएफसी चषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली. २००९-१० चा हंगाम संपताच कंपनीने हा संघ बंद केला आणि शालेय व युवा फुटबॉलवर लक्ष द्यायचे ठरवले. कंपनी तोट्यात नव्हती. मैदानावरही संघ हरत नव्हता. आर्थिक पडझड हा शब्द इथे ताणूनच वापरावा लागतो. कंपनीच्या हिशेबात वरच्या संघावरचा खर्च बसेनासा झाला, एवढेच.

प्रतिस्पर्ध्यांवर पहिला परिणाम खेळाडूंच्या बाजारात दिसला. भारतीय संघातले अनेक जण एकदम मोकळे झाले आणि गोवा-कोलकात्याच्या क्लबांनी त्यांना उचलले. रिकाम्या जागेचे काय झाले हे अधिक बोलके आहे. त्या हंगामात शिलाँग लाजाँग आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा खालच्या विभागात गेले होते. महिंद्राची जागा त्यांच्यापैकी कोणाला न देता अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तिथे स्वतःचा तरुण खेळाडूंचा संघ उतरवला, जो पुढे इंडियन ॲरोज म्हणून ओळखला गेला. लीग १४ संघांचीच राहिली, कागदावर काही हलले नाही. मुंबईत मात्र एक कायमची लढत संपली. वर्षभराने जेसीटीनेही संघ बंद केला. लोकांना आपला खेळ दिसत नाही आणि पैसा परत येत नाही, अशा आशयाचे कारण तिथेही होते. एका प्रतिष्ठित मालकाने हात काढून घेतला की दुसऱ्याला तसे करणे सोपे जाते, हा परिणाम कोणत्याही गुणतक्त्यात दिसत नाही.

त्या वर्षांत गोव्याचे क्लब मात्र ऐन भरात होते. २००६-०७ ते २०१२-१३ अशी सलग सात राष्ट्रीय विजेतेपदे गोव्यातच राहिली: देंपोकडे चार, चर्चिल ब्रदर्सकडे दोन, साळगावकरकडे एक. महिंद्राच्या जाण्याने त्यांचा एक दमदार प्रतिस्पर्धी कमी झाला होता. पण हे वर्चस्व महिंद्रा असतानाच सुरू झाले होते, तेव्हा त्याचे श्रेय त्या माघारीला देता येणार नाही. या वर्चस्वामागचा पैसा बहुतांशी लोहखनिजातून आलेल्या श्रीमंतीचा होता. देंपो आणि साळगावकर ही घराणी खाणींतून मोठी झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यापाठोपाठ गोवा सरकारने खाणकाम थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बंद केले. एप्रिल २०१४ मध्ये सशर्त परवानगी मिळाली, पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने नूतनीकरण झालेले ८८ पट्टे रद्द झाले.

खाणी बंद म्हणून क्लब बंद, अशी सोपी गोष्ट गोव्यात नेहमी सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. देंपोंनी आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला सुमारे १,७५० कोटी रुपयांना विकला होता. चर्चिल ब्रदर्सचे मालक खाणवाले नव्हते, राजकारणी होते. खाणबंदीने गावोगावच्या स्पर्धांचे प्रायोजक आणि ट्रकवाल्यांच्या वर्गणीवर चालणारे छोटे क्लब आधी कोरडे पडले, आणि मोठ्यांचा पाया त्यामुळे भुसभुशीत झाला, असे म्हणणे अधिक योग्य.

दरम्यान महासंघाने लीगमध्ये खेळण्यासाठी क्लबांना लागणारी परवाना पद्धत कडक केली. कंपनीचे संघ म्हणून ओळखले जाणारे एअर इंडिया आणि ओएनजीसी २०१३ मध्ये बाहेर पडले. २०१४ मध्ये चर्चिल ब्रदर्स, कोलकात्याचा युनायटेड आणि शिलाँगचा रंगदाजिद यांना काढण्यात आले. चर्चिलने त्याच वर्षी जानेवारीत फेडरेशन चषक जिंकला होता. नव्या क्लबांना थेट प्रवेश देऊन खड्डे भरण्याचे धोरण होते, आणि त्यातून एक विचित्र अन्याय घडला. कल्याणी समूहाचा पुण्यातला भारत एफसी २०१४-१५ मध्ये लीगमध्ये शेवटचा, अकरावा आला. थेट प्रवेशामुळे त्याला घसरणीपासून संरक्षण होते, म्हणून दहाव्या क्रमांकावरचा देंपो, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता, खालच्या विभागात गेला. एका क्लबाच्या जागी आणलेल्या क्लबाने दुसऱ्याचा बळी घेतला. हंगाम संपताच ज्याला वाचवले होते त्या भारत एफसीनेही काढता पाय घेतला.

पुण्याची कथा स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहे. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेला पुणे एफसी २००९-१० मध्ये पहिल्याच वर्षी आय-लीगमध्ये तिसरा आणि २०१२-१३ मध्ये चर्चिलच्या मागे उपविजेता ठरला. त्याची युवा अकादमी देशातल्या उत्तम अकादमींपैकी होती. २०१४-१५ मध्ये बालेवाडीच्या एकाच मैदानावर पुणे एफसी, भारत एफसी आणि आय-लीगला समांतर चालणाऱ्या इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी असे तीन संघ खेळत होते. इतके प्रेक्षक शहरात नव्हते, आणि प्रायोजकही नव्हते. २०१५ मध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी दोन्ही गेले. त्यांच्या जागी शहरातल्या जुन्या शिवाजीयन्स क्लबाला घेऊन उभा राहिलेला डीएसके शिवाजीयन्स थेट प्रवेशाने आला. बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांचा समूह २०१७ मध्ये ठेवीदारांच्या तक्रारींत सापडला. क्लब त्याच वर्षी लीगमधून बाहेर पडला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये कुलकर्णींना अटक झाली. पुणे एफसीची अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली होती. तो क्लब वाधवान समूहाचा होता आणि २०१९ मध्ये तोही पैशांअभावी संपला. पाच वर्षांत चार क्लब. प्रतिस्पर्धी कमी झाल्याचा फायदा उरलेल्या एकाला तरी व्हायला हवा होता. उलट प्रत्येक माघारीनंतर उरलेल्याला प्रायोजक शोधणे अवघड झाले, कारण पुण्यात फुटबॉल चालत नाही हा समज पक्का होत गेला.

लीग किती आक्रसली हे साध्या गणिताने दिसते. २०१२-१३ मध्ये १४ क्लब होते. प्रत्येकाचे २६ सामने, एकूण १८२. २०१४-१५ मध्ये ११ क्लब आणि ११० सामने. २०१५-१६ मध्ये फक्त ९ क्लब, प्रत्येकी १६ सामने, एकूण ७२. तीन वर्षांत निम्म्याहून अधिक सामने गेले. जे क्लब टिकले त्यांचा खर्च त्या प्रमाणात कमी झाला नाही, कारण खेळाडूला वर्षाचा पगार द्यावाच लागतो. पण घरच्या मैदानावरचे सामने, प्रायोजकाला दाखवता येणारे दिवस आणि पर्यायी खेळाडूंना मिळणारी संधी, सगळे घटले. चांगले खेळाडू स्वस्तात मिळू लागले हा फायदा खरा. पण त्यांना खेळवायचे कुठे, हा प्रश्न त्याच्याच पोटातून आला.

मे २०१६ मध्ये महासंघाने इंडियन सुपर लीगला देशातली सर्वोच्च लीग करण्याचा आणि आय-लीग खाली ढकलण्याचा आराखडा मांडला. गोव्याच्या क्लबांनी त्याला विरोध केला आणि जून महिन्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी माघार घेतली. देंपोने त्याच मोसमात दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून परतीचा हक्क कमावला होता. त्यानेही तो सोडून दिला. सात वर्षे राष्ट्रीय विजेतेपद राखणारे राज्य पुढच्या आय-लीगमध्ये चर्चिलच्या पुनरागमनापुरतेच उरले.

या माघारीतून भारतीय फुटबॉलमधली सर्वांत अद्भुत गोष्ट घडली. मिझोरमचा ऐजॉल एफसी २०१५-१६ मध्ये खालच्या विभागात गेला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडल्याने जागा रिकाम्या झाल्या आणि ऐजॉलला परत घेण्यात आले. त्याच सुमारास मुंबई एफसीने आपले सात वर्षांचे प्रशिक्षक खालिद जमील यांना सोडले होते. स्वतः महिंद्राकडून खेळलेले जमील ऐजॉलला गेले. मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही त्या संघात होते. एप्रिल २०१७ मध्ये ऐजॉलने मोहन बागानला हरवले आणि ३० तारखेला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून एका गुणाच्या फरकाने आय-लीग जिंकली. खालच्या विभागात पाठवला गेलेला क्लब पुढच्याच हंगामात देशाचा विजेता झाला. त्या तक्त्यात शेवटचा होता मुंबई एफसी. एस्सेल समूहाने २००७ मध्ये उभा केलेला हा क्लब त्यानंतर बंद झाला. महिंद्रा गेल्यावर शहरातला मुख्य क्लब होण्याची संधी त्याला होती. पण कूपरेजच्या दुरुस्तीमुळे त्याला बरेच सामने बालेवाडीत खेळावे लागले आणि मुंबईत त्याचा प्रेक्षक तयारच झाला नाही. २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता. २०१२-१३ मध्ये चार होते.

पडझडीचा लाभ कोणाला होतो, याबद्दल ऐजॉलचे उदाहरण एक गोष्ट शिकवते. तो शेजाऱ्याला झाला नाही. महिंद्राच्या जाण्याने मुंबई एफसी बळकट झाला नाही, पुणे एफसीच्या जाण्याने डीएसके शिवाजीयन्स तगला नाही, साळगावकरच्या माघारीने चर्चिलची भरभराट झाली नाही. लाभ दूरच्याला झाला, कारण त्याचा प्रेक्षक आणि त्याचा पैसा पडलेल्या क्लबाशी जोडलेला नव्हता. शेजारी क्लब एकाच गावच्या उत्साहावर, त्याच चार प्रायोजकांवर जगतात.

इंडियन सुपर लीगने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. सुरुवातीची वर्षे ती बंदिस्त लीग होती. घसरण नव्हती, आणि क्लब पडला तरी त्याची जागा शहर बदलून दुसऱ्याला दिली जाई. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. प्रतिस्पर्ध्यांचे सामने कमी झाले नाहीत, संघसंख्या दहाच राहिली. हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपदही मिळवले. पण आजार जागेबरोबर गेला. दोन वर्षांत त्या क्लबाची देणी थकली, फिफाने नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली आणि २०२३-२४ च्या मध्यात बहुतेक अनुभवी खेळाडू इतर क्लबांकडे निघून गेले. उरलेल्या हंगामात तरुण मुलांचा संघ उतरला आणि पूर्ण वर्षात हैदराबादला ८ गुण मिळाले. इथे स्पर्धेच्या न्याय्यतेचाच प्रश्न आला: ज्या क्लबांनी हैदराबादशी आधी सामना खेळला आणि ज्यांनी नंतर, त्यांची परीक्षा एकसारखी नव्हती. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बरी क्लबाची हकालपट्टी झाली, तेव्हा लीगने २३ संघांवर हंगाम खेळवला आणि घसरणाऱ्यांची संख्या चारावरून तीनवर आणली. नियमच तसा करून घेतला. भारतात असा नियम न करता हंगाम कसाबसा पुरा करण्याकडे कल राहिला.

एकेकाळचा मालक बुडूनही क्लब टिकू शकतो, हे गोव्यानेच दाखवले, आणि त्या गोष्टीत मराठवाड्याचाही एक धागा आहे. २०१४ मध्ये एफसी गोवा स्थापन झाला तेव्हा त्याच्या मालकीत दत्तराज साळगावकर, श्रीनिवास देंपो आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात मोठा कारखाना असलेल्या धूत कुटुंबाची व्हिडिओकॉन कंपनी एकत्र होती. मैदानावर पन्नास वर्षे ज्यांच्या नावाने सामने रंगले ती दोन घराणी इथे भागीदार झाली. पुढे जयदेव मोदी मालकीत आले आणि व्हिडिओकॉन बाहेर पडली. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा एफसी गोवावर तिची छाया पडली नाही. मार्च २०१९ मध्ये हा क्लब लीगच्या अंतिम सामन्यात होता, आणि २०२१ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मालकी एकाच समूहाच्या हाती नव्हती, हे यामागचे एक उघड कारण आहे.

देंपो पुन्हा राष्ट्रीय पातळीवर आला तो तळातून. दुसऱ्या विभागातून बढती मिळवून तो २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये उतरला, आणि चर्चिल ब्रदर्स-देंपो ही लढत २०१३-१४ नंतर प्रथमच आय-लीगमध्ये झाली. महाराष्ट्राच्या बाजूने मधल्या काळात मुंबईचा केंकरे एफसी २०२१-२२ पासून दोन हंगाम खेळला आणि २०२३ मध्ये खाली गेला. त्यानंतरच्या दोन आय-लीगमध्ये राज्याचा एकही क्लब नव्हता.